कंगव्यांचा डबा

आठवडाभर लेक अंथरुणातून उठली नव्हती. केसांच्या जटा झाल्या होत्या. आपलं सलून बंद ठेवून बाप तिच्यामागे बसला आणि टोकाकडून गुंता सोडवू लागला. गिऱ्हाइकांना हसवून हसवून बेजार करणारा माणूस, पण आज खाली मान घालून नुसता एकेक बट सोडवत होता. "बाबा, आजीसुद्धा अशीच उदास होऊन पडून असायची ना? तिचंच आलंय का माझ्यात?" कंगवा थांबला. 'छे, काहीतरीच!' हे उत्तर जिभेवर तयार होतं. आयुष्यभर त्यानं सगळ्यांना तेच दिलं होतं. मग त्यानं कंगव्यांच्या डब्याच्या तळातून गोळ्यांचं पाकीट काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "आजीचं असेल, नाहीतर माझं. अकरा वर्षं घेतोय." ती वळून बापाकडे बघतच राहिली. "डॉक्टरांच्या डोक्यावर एक केस नाही, म्हणून मीच जातो त्यांच्याकडे. उद्या तूही चल. केस मोकळे सोड, जरा जळू दे त्यांना."