ऐकणं की तोल

लेक वैजूच्या पत्राला त्र्यंबकरावांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. साथीच्या तापाने नातीचं ऐकणं गेलं होतं, शरीराचा तोलही गेला होता. कानात बसवायचं यंत्र दोन्हींपैकी एकच परत देई. आज वैजूचं दुसरं पत्र आलं: “बाबा, तुम्ही तोल घेतलात. हिला काय घेऊ? पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. पुस्तकं चाळत बसू नका, कळवा!”

अशाच तापानंतर त्यांनी तोल निवडला, म्हणून ते ग्रंथालयाच्या शिडीवर चढत राहिले. पण पत्नी तिच्या शेवटच्या दुखण्यात बोलत होती, तेव्हा ओठांवरून त्यांना “अहो” एवढंच कळलं. पुढचं नाही.

“माझं चुकत असेल,” त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. “पण ऐकणं घे. पोर पडली तर धरायला आपण आहोत.”

मग टपालपेटीपर्यंत ते न अडखळता चालत गेले आणि त्यांनी पत्र टाकलं. ते आत पडल्याचा आवाज त्यांना आला नाही.