कमरेतून नाही, पायांतून

"अजून खाली, काका. खुर्चीवर बसल्यासारखं. फक्त खुर्ची नाही, एवढंच."

शिंप्याच्या मांड्या लटलटत होत्या. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता. चाळीस वर्षं दुकानात सगळे त्यालाच मास्तर म्हणत आले होते. आता साठीला टेकल्यावर तो आपल्या निम्म्या वयाच्या पोराला मास्तर म्हणत होता.

हे सगळं बायकोनं घडवून आणलं होतं. दोघांची तपासणी झाली, रिपोर्ट आणायला ती एकटीच गेली आणि आल्या आल्या तिनं जाहीर केलं, "तुमची साखर वाढलीय. गोळ्या नको असतील तर व्यायाम करा, म्हणाले."

"आणि तुझं काय?"

"मला काय धाड भरलीय!"

त्या दिवसापासून चहातली साखर गेली. आठवड्याच्या आत तिनं त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या कुंग फूच्या वर्गात नेऊन उभं केलं. नुसतं फिरायला जातो म्हटलं तर ऐकेना. "फिरायला म्हणून जाल आणि कोपऱ्यावर गप्पा छाटत बसाल. मी ओळखून आहे."

वर्गातले बाकीचे नवशिके ठोसे मारायला शिकले, लाथा झाडायला लागले. शिंप्याच्या वाट्याला मात्र रोज तेच. खाली बसायचं, उठायचं, आणि वाळूची पोती. आधी दहा किलोचं, मग वीस, मग चाळीस. जमिनीवरून उचलून छातीशी घ्यायचं, दहा पावलं चालायचं आणि ठेवायचं.

"कमरेतून नाही, पायांतून," मास्तर सांगायचा. "आणि आपटायचं नाही हं. आत काचेची भांडी आहेत असं समजा."

बायको रोज बरोबर यायची आणि भिंतीलगतच्या बाकावर बसून राहायची. परतताना चौकशी एकच, "आज किती किलो?" ठोशांचं तिला काही पडलेलं नव्हतं.

हळूहळू शिंप्याच्या अंगात जोर यायला लागला. जिना तो एका दमात चढू लागला. मशीनवर वाकून वाकून कमान झालेली पाठ सरळ झाली. एकदा दुकानात त्यानं कापडाचा अख्खा गठ्ठा एकट्यानं उचलून दाखवला. बायकोनं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "आता माझ्या कपड्यांना तेवढं बटणांऐवजी इलॅस्टिक लावून द्या. बटणं लावत बसायचा कंटाळा येतो."

त्यानं लावून दिलं. आळशी झालीस म्हणून चिडवलंही.

सहा महिने झाले तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. वर्ग संपल्यावर त्यानं मास्तरला गाठलं. "हमालीच शिकायची असती तर सरळ बाजारात गेलो असतो. माझ्या मागून आलेली पोरं उड्या मारताहेत. मला निदान एक ठोसा तरी शिकवा!"

मास्तर हसला नाही. त्यानं बाकाकडे पाहिलं. बायकोनं मान डोलावली.

"आता पोतं नको, काका," मास्तर म्हणाला. "आता माणूस उचला."

बायको उठली. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल जपून टाकत ती आली आणि चटईवर आडवी झाली.

शिंप्याला हसू फुटलं. "अगं, हे काय लहान मुलासारखं!"

"उचला तर खरं."

तो खाली बसला. एक हात तिच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. पायांतून जोर आला आणि ती अलगद वर आली. कंबर हूं की चूं करेना. दहा पावलं तो चालला, वळला, परत आला. त्याचा चेहरा नुसता फुलून गेला होता.

"बघ! पळाली की नाही साखर?"

तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. बोटं नीट मिटत नव्हती.

"तुमची साखर वाढलीच नव्हती," ती म्हणाली. "आधी सांगितलं असतं तर हातपाय गाळून बसला असता. रिपोर्ट माझा वाईट आला होता. डॉक्टरांनी पायांना वर्षभराचीच मुदत दिलीय."