मधपक्ष्याची हाक

गलगलोने पोखरलेल्या ताडफळात दम भरून तिसऱ्यांदा शिट्टी घातली आणि तो कानोसा घेत उभा राहिला.

"येईल ना पक्षी?" केरुबोबाईंनी विचारलं.

त्या नैरोबीच्या सफारी कचेरीतून कालच आल्या होत्या. पाहुण्यांच्या गाड्या या बोरान गुराख्यांच्या वस्तीवर थांबवायच्या की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. हत्ती आणि जिराफ सगळीकडेच दिसतात. त्यांना बघायचा होता तो माणसाला हाका मारत मधाच्या पोळ्यापर्यंत नेणारा पक्षी, आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्या मागे जाणारी माणसं. दुष्काळात वस्तीची निम्मी गुरं मेली होती. गाड्या थांबल्या तरच उरलेली राखता येणार होती.

"येईल," गलगलो म्हणाला.

"पक्ष्याचं माहीत नाही," बंदूक खांद्याला अडकवून उभा असलेला राखणदार वारियो हसला. "पण एवढ्या शिट्ट्या ऐकून काकू नक्की धावत येतील!"

गलगलोने चमकून त्याच्याकडे पाहिलं. पण वारियो आपला नेहमीसारखीच थट्टा करत होता.

पक्षी येणार नाही, हे गलगलोला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या लहानपणी वडिलांनी शिट्टी घातली की पक्षी हाताच्या अंतरावर येऊन बसायचा. पोळं काढलं की वडील मेणाचा एक तुकडा पानावर ठेवायचे. तो पक्ष्याचा वाटा. तो ठेवल्याशिवाय मधाचं बोटही चाटायला मिळत नसे. वाटा चुकवला तर पुढच्या खेपेला पक्षी सिंहाच्या पुढ्यात नेऊन उभं करतो, असं ते म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी मात्र पाहुण्यांना मध वाटण्याच्या भरात गलगलो तो वाटा ठेवायला विसरला. त्यानंतर पक्षी फिरकला नाही.

म्हणून आज पहाटे त्याची बायको तलासो लाकडांचं निमित्त करून रानात गेली होती. अर्धी भरलेली काडेपेटी हलवली की हुबेहूब त्या पक्ष्यासारखा आवाज येतो. ती झुडपात दडून काडेपेटी वाजवणार, वाजवत पुढे सरकणार आणि सगळ्यांना नदीच्या कोरड्या पात्राकडे नेणार, तिथल्या बाभळीत दोघांनी हेरून ठेवलेल्या पोळ्याशी. बत्तीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच लबाडी होती.

डावीकडच्या झुडपातून आवाज आला. कुर्र-कुर्र-कुर्र.

"आला!" केरुबोबाई कुजबुजल्या.

आवाज पुढे, माणसं मागे. शंभरेक पावलं गेल्यावर वारियो एकदम खाली वाकला. त्याचा चेहरा उतरला.

"सिंहीण. पावलं ताजी आहेत, कडासुद्धा ढासळलेल्या नाहीत." त्याने बंदूक हातात घेतली. "काका, मागे फिरू या."

गलगलोने पुढच्या झुडपांकडे पाहिलं. मागे फिरलं तर तलासो रानात एकटी राहणार. हाक मारावी, तर सगळं उघडं पडणार.

"पक्ष्याला मध्येच सोडून जायचं नसतं," तो म्हणाला. "चल पुढे."

"तुमचं ठीक आहे, तुम्ही म्हातारे झालात. माझं अजून लग्न व्हायचंय," वारियो पुटपुटला, पण निघाला.

आणि आवाज उजवीकडे वळला.

गलगलो थबकला. बाभळ डावीकडे होती. उजवीकडे नुसते काळे खडक. तलासो या रानात डोळे बांधूनही चुकली नसती. मग ती वळली का? कोणी तिला हुसकत होतं का?

"दिसला!" केरुबोबाईंनी त्याचं मनगट धरलं. "त्या फांदीवर! शेपटीच्या कडांना पांढरी पिसं आहेत, हो ना?"

"हो," गलगलो तिकडे न बघताच म्हणाला. माणसाला जे बघायचं असतं ते दिसतंच.

आवाज आता घाईघाईने येत होता. कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र. तिची भीतीच जणू त्या काडेपेटीत खुळखुळत होती. तेवढ्यात खडकापाशी झुडूप हललं आणि पानांमागे काहीतरी पिवळं सरकलं. वारियोने नेम धरला.

तलासोची ओढणी पिवळी होती.

गलगलोने झेप घेऊन बंदुकीची नळी वर उडवली. "मारू नकोस! ती तलासो आहे! पक्षी नाहीये कुठला, ती काडेपेटी वाजवतेय! तलासो, पळ! इकडे पळ!"

आवाज बंद पडला.

झुडपातून सिंहीण उठली. तिने तिघांकडे एकवार पाहिलं आणि ती सावकाश गवतात निघून गेली.

गलगलो झुडपाकडे धावला. रक्त नव्हतं. ओढणीचा धागा नव्हता. वाळूत सिंहिणीखेरीज कोणाचं पाऊलही नव्हतं. हाका मारमारून त्याचा आवाज बसला, तेव्हा वारियोने त्याला धरून मागे केरुबोबाईंच्या गाडीपर्यंत नेऊन बसवलं. वस्तीतून माणसं आणायची आणि रान पिंजून काढायचं, असं ठरलं.

पण गाडी कुंपणाशी पोचली तर समोर, झोपडीच्या दारात, तलासो शेळीचं दूध काढत बसली होती. गलगलोला हुंदका आवरेना.

"सुखरूप आहेत. बरं झालं," केरुबोबाई म्हणाल्या. "पण काका, जे खरं नाही ते दाखवायला मी पाहुणे आणू शकत नाही. मला माफ करा."

गलगलोने मान डोलावली आणि तो उतरला. वारियोही गुरांकडे गेला. गाडी वळली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

तो तलासोजवळ जमिनीवर बसला.

"गाड्या नाही येणार," तो म्हणाला. "जाऊ दे. तू वाचलीस. पण खडकांकडे कशाला वळलीस गं?"

"कुठल्या खडकांकडे?" तलासोने दुधाचं भांडं खाली ठेवलं. "मी पाणवठ्याच्या पुढे गेलेच नाही. पहाटे तिथे सिंहिणीची पावलं दिसली, तशीच घाबरून मागे फिरले. घरी आले तर तुम्ही निघून गेलेले. तेव्हापासून इथेच बसलेय जीव मुठीत धरून."

तिने कमरेची काडेपेटी काढली, सवयीने एकदा खुळखुळवली आणि चूल पेटवली.

"चहा टाकते. नुसत्या शिट्ट्या घालून दमला असाल."