कवडूभाऊंचा जॉइंट

खांबावरच्या इंटरनेट केबलच्या जॉइंटच्या पेटीचा शेवटचा स्क्रू काढायला संघपालचं मन धजत नव्हतं. त्याने शिडीवर उभ्या उभ्या तिसऱ्यांदा घाम पुसला. खाली शिडी धरून कवडूभाऊ उभे होते. ते एकदाही वर पाहत नव्हते.

फोन स्पीकरवर होता. दुसऱ्या टोकाला त्यांचा सुपरवायझर दुर्गेश, धंतोलीतल्या एका दवाखान्यात, तासाभरापासून बोलणी खात बसलेला. तिथल्या तपासण्यांची चित्रं बाहेरच्या डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हती आणि गावोगावचे पेशंट जिन्यात ताटकळत होते. दवाखान्यातून सोडलेला प्रकाश तेराशे चाळीस मीटरवर गळतोय, असं लाइन तपासायचं मशीन सांगत होतं. म्हणजे याच खांबावर, याच पेटीत. आणि या पेटीतला जॉइंट कवडूभाऊंचा.

भाऊंचे हात वर्षभरापासून थरथरत. दुर्गेशने सकाळी सगळ्या पोरांसमोर सांगून टाकलं होतं, की जॉइंट खराब निघाला तर आजपासून भाऊंनी काचेला हात लावायचा नाही. बावीस वर्षं केबलमधली केसाएवढी बारीक काच जोडणाऱ्या माणसाला असं चारचौघांत सांगायचं म्हणजे हद्द झाली. संघपालला तर ते स्वतःलाच सुनावल्यासारखं झोंबलं होतं, कारण हे काम त्याला भाऊंनीच शिकवलं होतं. काचेच्या आत प्रकाश भिंतीला तिरपा घासून पुन्हा आतच येतो, असा कित्येक किलोमीटर पळतो. पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाले होते, "वळण मोठं ठेवजो. आवळलं का उजेड भिंतीतून बाहेर निघून जाते."

स्क्रू निघाला. संघपालने झाकण उघडलं आणि दुर्गेशला लाल पेन लावायला सांगितलं. आता तिकडून काचेत लाल प्रकाश शिरणार होता. जिथून तो बाहेर झिरपेल, तिथे बिघाड. उन्हात दिसावं म्हणून संघपालने टोपीची सावली धरली.

जॉइंट काळाच राहिला. प्रकाशाचा एक ठिपकाही तिथून निसटत नव्हता.

चमकत होतं ते बाजूला. जास्तीची काच गुंडाळून ठेवलेली असते, त्या वेढ्यांमध्ये एक वेढा लाललाल झाला होता. तो बांगडीपेक्षाही लहान होता आणि पांढऱ्या पट्टीने गच्च बांधलेला होता. ती पट्टी संघपालने ओळखली. आठ दिवसांपूर्वी त्यानेच ती बांधली होती. भाऊंचे वेडेवाकडे, ऐसपैस वेढे त्याने गुपचूप आवळून नीटनेटके केले होते, आणि उन्हाने ती पट्टी रोज आणखी आवळत गेली होती.

"निघाला ना भाऊचाच जॉइंट?" दुर्गेशने विचारलं.

"सांगून दे गा," खालून कवडूभाऊ म्हणाले. "मले माहीत आहे. हात नाही राहिले आता माहे."

पट्टी कापून गप्प बसायला एक क्षण पुरला असता. लाइन सुरू झाली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. फक्त भाऊंचं काम गेलं असतं. संघपालने पट्टी कापली. वेढा सैल झाला, लाल उजेड काचेत परत गेला.

"जॉइंट एकदम बरोबर आहे," तो फोनवर म्हणाला. "मागच्या हप्त्यात वेढा मी आवळला. तिथून उजेड गळून राहिला होता."

दुर्गेशने तोंडाला येईल ते सुनावलं आणि पुढचे दोन महिने तू नुसते खड्डे खणशील असं सांगून फोन आपटला. संघपालला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट सकाळपासून पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला. तो भराभर खाली उतरला. भाऊ आता पाठीवर थाप देतील, निदान हसतील तरी, असं त्याला वाटत होतं.

भाऊंनी शिडी सोडली नव्हती. ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"लाइन तर तवा चांगली चालू होती," ते म्हणाले. "मंग तू पेटी उघडली काहून?"

संघपालने कापलेली पट्टी भाऊंच्या हातात ठेवली.

"तुमच्या थरथरत्या हाताचं काम कोणाले दिसू नये म्हणून, भाऊ."