बिनवासाचा रंग

बांबूच्या टोपल्या, मातीची भांडी आणि तागाची पायपुसणी विकायच्या दुकानाला रंगही जिवाला न बाधणारा हवा, असं तिने ठरवलं होतं. त्यात शाळा सुटली की तिची दमा असलेली लेक तिथेच, मागच्या भिंतीशी अभ्यासाला बसणार होती. जरा उग्र वास आला, की पोरीला धाप लागायची.

मातकट, शेवाळी आणि हळदी असे तीन डबे समोर होते. तिन्हींवर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं. पण डब्यावर लिहायला काय, कोणी अमृतसुद्धा लिहील. तिचं स्वतःचं नाक सर्दीने चोंदलेलं. मग तिने रंगारीकाकांनाच डबे हुंगायला लावले.

“शेवाळी घ्या ताई. याला वास म्हणून नाही.”

“नीट बघा हं काका, पोरीच्या श्वासाचा प्रश्न आहे.”

“अहो, तीस वर्षं हे नाक रंगातच बुडालंय. ते चुकायचं नाही.”

तिच्या मनात मातकट भरला होता, तरी तिने शेवाळीला हो म्हटलं. दुपारी लेकीला शाळेतून घेऊन ती आली, तेव्हा मागची भिंत रंगवून झाली होती. लेक दारातच थबकली आणि तिने नाक दाबलं. आईने तिला पटकन मागे ओढलं.

“रंगाचा वास येतोय का गं?”

“कळत नाही आई. काहीतरी करपलंय.”

काकांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, शेगडीवर त्यांनीच चहाला ठेवलेल्या दुधाचा पार कोळसा झाला होता.


काकांनी छातीभर श्वास ओढून घेतला आणि ते म्हणाले, “छे, मला तर कसलाच वास येत नाही.”