परसातलं अंजीर

बर्फात मरू नये म्हणून हिवाळाभर मातीखाली आडवं निजवलेलं अंजिराचं झाड रोक्कोनं उकरून उभं केलं, तशी त्र्याण्णव वर्षांची मम्मा काठी टेकत परसात आली आणि तिनं त्याच्या हातात कात्री दिली.

"चांगली जाड फांदी काप. तुझी लेक उद्या इटलीला निघालीय. माझ्या आईच्या कबरीपाशी लावील."

रोक्कोनं कात्री खाली घेतली. लग्न होऊन इटलीहून अमेरिकेत, ब्रुकलिनला येताना मम्मानं आईच्या अंगणातली अंजिराची फांदी शालीत गुंडाळून आणली होती. पहिल्याच थंडीत ती मेली. ती रडू नये म्हणून पप्पांनी बाजारातून दुसरं रोप आणलं आणि तिच्या नकळत त्याच खड्ड्यात लावलं. मरताना त्यांनी हे एकट्या रोक्कोला सांगितलं होतं. चाळीस वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं. पण आजीच्या कबरीवर खोटं झाड लावायचं त्याच्या जिवावर आलं. छातीवर क्रूस काढून त्यानं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," मम्मा म्हणाली. "आमचं अंजीर पिकलं तरी हिरवंच राहायचं. ह्याचं पहिलं फळच काळंभोर निघालं. तुझ्या पप्पांना मात्र मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

रोक्कोनं एक जाड फांदी कापून तिच्या हातात दिली. सत्तर वर्षं ही बाई दर वसंतात ह्याच झाडाला कवटाळून 'माझं माहेर' म्हणत आली होती!

"मग ही फांदी आजीला कशाला पाठवतेस?"

"निघताना आई म्हणाली होती, हा माणूस तुला परमुलखात रडवणार." मम्मानं फांदीवरची माती एप्रनच्या टोकानं पुसली. "बघू दे तिला."