माळावरचं नेट

वळसंगच्या माळावर भरदुपारी लांडग्यानं मल्हारच्या कळपातलं कोकरू नेलं. दुसऱ्या दिवशी जेवताना मल्हारनं त्याचा व्हिडिओ आईपुढं धरला.

"लाखभर लोकांनी बगितला, आये! मोबाइल कंपन्यांची आपसात जुंपलीया, आपलं फावलंय. भर माळावर नेट, तेबी फुकटासारखं!"

बाळाबाईनं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. लांडगा दबकत आला, त्यानं कोकराची मान धरली आणि निवांत ओढत नेलं. चित्र कुठं जरासुद्धा हललं नव्हतं. हात कसला स्थिर पोराचा!

"काठी कुटं हुती तुजी?"

"हुती की, काखंत."

"मग हाळी तरी द्यायची."

"हाळी दिली असती तर त्यो पळून गेला असता की!"

बाळाबाईनं व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोबाइल कानाशी धरला.

"मग व्हिडिओत ह्ये कोण वरडतंय?"

"आपलं कुत्रं. समदा आवाज खराब केला त्यानं."

बाळाबाई उठली. मल्हारच्या ताटातली भाकरी उचलून तिनं दारातल्या कुत्र्यापुढं टाकली.

"खा बाबा. लाखभरात तू एकटाच वरडलास."